लॅमिंग्टन रोड ते लॉगिन: सोर्स कोडमधून लिनक्स उभारताना

उबुंटूसारखे तयार डिस्ट्रिब्युशन न घेता, प्रत्येक भाग सोर्स कोडमधून स्वतः कंपाइल करून, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून, लिनक्स उभारायचे, या हेतूने मी यंदाच्या उन्हाळ्यात ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’, म्हणजेच एलएफएसचा मार्ग दादरच्या घरी बसून पूर्ण केला. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ साली सुरू केलेला हा उपक्रम इन्स्टॉलर देत नाही. तो एक विनामूल्य पुस्तक देतो आणि त्यातील एकेक कमांड आपण आपल्या हाताने चालवायची असते. या वाटेने येणाऱ्यांना माझे सांगणे असे, की घाई करायचीच असेल तर ती पुढच्या टप्प्यांत करा. सुरुवातीच्या टूलचेनच्या, म्हणजे कंपाइलर आणि त्याच्या सोबतच्या साधनांच्या, प्रकरणांतील एकही ओळ न समजता पुढे जाऊ नका.

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर हा प्रयोग करू नये, असे माझे ठाम मत आहे, म्हणून वेगळे यंत्र घेण्यासाठी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड गाठला. पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलने ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडे बाहेर पडले, की थोड्याच अंतरावर हा रस्ता लागतो. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, आणि रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. पुस्तकाच्या शिफारशीप्रमाणे चार कोअर आणि ८ जीबी रॅम असलेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप या कामाला पुरतो. खरी काळजी घ्यायची ती रॅमची. जीसीसी या कंपाइलरसारखे मोठे पॅकेज प्रोसेसर आणि रॅम दोन्ही बराच वेळ पूर्ण ताणाखाली ठेवते, आणि रॅममध्ये बारीकसा दोष असला तरी ‘इंटर्नल कंपाइलर एरर’ दाखवून काम थांबते. तीच कमांड पुन्हा दिल्यावर एरर वेगळ्याच फाइलवर आली, तर सोर्स कोडवर नव्हे, हार्डवेअरवर संशय घ्यावा. म्हणून पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम सोबत न्यावा, दुकानदार जी ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो तिची मुदत बिलावर लिहून घ्यावी, आणि त्या मुदतीतच टूलचेन बांधून पाहावी. यंत्राची याहून कठोर परीक्षा घरी करता येत नाही.

यंत्रावर आधी एखादे तयार लिनक्स हवे, कारण नवे लिनक्स त्याच्याच आधाराने उभे राहते. माझ्याकडे डेबियन होते. डेबियन आणि उबुंटू यांच्यावर दोन गोष्टी हमखास आडव्या येतात: तिथे कमांड चालवणाऱ्या शेलचे ‘एसएच’ हे नाव बॅशऐवजी डॅश या दुसऱ्या शेलकडे निर्देश करते, आणि मजकूर हाताळणाऱ्या गॉकच्या जागी बहुधा मॉक असते. पुस्तकातील आवृत्ती तपासणारी स्क्रिप्ट या दोन्ही उणिवा दाखवते. तिचे म्हणणे पूर्ण मान्य होईपर्यंत एकही पॅकेज उघडू नये. पार्टिशन १० जीबीचे असले तरी मूळ प्रणाली मावते, पण पुढे भर घालायची असेल तर ३० जीबी ठेवावे. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून काम करताना नव्या पार्टिशनचा मार्ग ठेवणारा ‘एलएफएस’ हा व्हेरिएबल रिकामा नाही ना, हे प्रत्येक वेळी ‘एको’ कमांडने छापून पाहावे, कारण तो रिकामा असेल तर नव्या पार्टिशनसाठी लिहिलेल्या कमांड चालत्या प्रणालीवरच चालतात.

आता टूलचेन. दही लावायला विरजण लागते, तसा कंपाइलर बांधायलाही आधी कंपाइलरच लागतो. प्रश्न असतो तो जुन्याचा अंश नव्यात उरू न देण्याचा. त्यासाठी पुस्तक टारगेटच्या, म्हणजे ज्या यंत्रासाठी बांधायचे त्याच्या, नावात मधला शब्द बदलून ‘एलएफएस’ असा घालते, ज्यामुळे यंत्र तेच असूनही आपण दुसऱ्याच यंत्रासाठी कंपाइल करत आहोत असे बांधणीची व्यवस्था धरून चालते आणि यजमान प्रणालीच्या लायब्रऱ्यांकडे वळत नाही. प्रथम बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर आणि लिंकर, मग जीसीसीची पहिली फेरी. या घडीला जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सी लायब्ररी अस्तित्वातच नसल्याने हा जीसीसी मुद्दाम अपुरा बांधला जातो. नंतर कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर, मग त्याच अपुऱ्या जीसीसीने ग्लिबसी ही सी लायब्ररी, आणि ग्लिबसी आल्यानंतरच सी प्लस प्लसची लायब्ररी. हा क्रम पाठ करण्यापेक्षा, प्रत्येक पायरीला मागची कोणती पायरी लागते, हे कागदावर बाण काढून पाहावे. अखेरपर्यंत जीसीसी तीनदा आणि ग्लिबसी दोनदा का बांधावी लागते, ते त्यातून आपोआप उलगडते.

ग्लिबसी झाल्यावर पुस्तक एक छोटी चाचणी देते: रिकामा ‘मेन’ असलेला सी प्रोग्रॅम कंपाइल करून, तो कोणता डायनॅमिक लिंकर, म्हणजे सुरू होताना लायब्रऱ्या जोडून देणारा प्रोग्रॅम, मागतो हे ‘रीडएल्फ’ या कमांडने पाहायचे. ६४ बिटच्या यंत्रावर उत्तरात ‘लिब ६४’ या डिरेक्टरीतील लिंकरचा मार्ग यायला हवा, आणि त्या मार्गाच्या सुरुवातीला आपल्या माउंट पॉइंटचे, म्हणजे नवे पार्टिशन जिथे जोडले आहे त्या डिरेक्टरीचे, नाव नको. उत्तर वेगळे आले किंवा मुळीच आले नाही, तर तिथेच थांबून मागे जावे. प्रत्येक पॅकेज झाल्यावर त्याची उघडलेली डिरेक्टरी पुसून टाकावी आणि पुढच्या फेरीला टारबॉल, म्हणजे सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल, नव्याने उघडावा. जुन्या डिरेक्टरीवर दुसरी फेरी चालवणे हे अनेक गूढ दोषांचे मूळ असते.

अंतिम प्रणाली बांधण्यापुरती लागणारी तात्पुरती साधने भराभर होतात. त्यानंतर क्रूट करून, म्हणजे नव्या पार्टिशनलाच मूळ डिरेक्टरी मानून, नव्या प्रणालीच्या आत शिरायचे असते. मधेच यंत्र बंद केले, तर पुन्हा सुरू केल्यावर ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ या खास डिरेक्टरी परत माउंट करूनच आत जावे. ही तात्पुरती साधने तयार होताच त्यांचा बॅकअप घ्यावा, असे पुस्तक सुचवते. मी तर तो सक्तीचा मानतो.

अंतिम प्रणालीत ग्लिबसी आणि जीसीसीच्या चाचण्या टाळू नयेत. जीसीसीच्या चाचण्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि मे महिन्यातल्या मुंबईत यंत्र तापून प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. पंख्यावरची धूळ काढून, थर्मल पेस्ट नवी लावून, हे काम रात्री लावलेले बरे. मोजक्या चाचण्या फसणे अपेक्षितच असते. आपला निकाल प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या लॉगशी ताडून पाहावा.

कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेनूत एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना रॅममध्ये चढणारी छोटी फाइल सिस्टिम, नसेल, तर डिस्कचा ड्रायव्हर आणि रूट पार्टिशनची फाइल सिस्टिम मॉड्यूल, म्हणजे नंतर चढवायचा वेगळा भाग, म्हणून न ठेवता थेट कर्नलमध्येच बांधावी. नाहीतर रूट माउंट करता येत नाही, असे सांगून कर्नल पॅनिक होऊन थांबतो.

मराठी वाचकांसाठी थोडे अधिक. टाइमझोन ‘आशिया/कोलकाता’ ठेवावा आणि ग्लिबसीच्या वेळीच मराठीचा लोकेलही, म्हणजे भाषा आणि तारखांच्या पद्धतीची माहितीही, तयार करून घ्यावा. मात्र साध्या कन्सोलवर, म्हणजे ग्राफिक्सविना मजकुराच्या पडद्यावर, मराठी लोकेल लावून ‘डेट’ ही कमांड दिली, तर महिन्याच्या आणि वाराच्या जागी निव्वळ चौकोन दिसतात. कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि काना, वेलांटी, जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा तिथे नसते. कन्सोलपुरता ‘सी डॉट यूटीएफ-८’ लोकेल ठेवावा. देवनागरीसाठी पुढे अक्षरे आखणारी आणि जुळवणारी फ्रीटाइप, हार्फबझ, पँगो ही साधने आणि एखादा देवनागरी फाँट हे सारे पुढच्या पुस्तकातून, म्हणजे ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या बीएलएफएसमधून, बांधावे लागते. लिनक्सवर भारतीय लिपी आणण्यासाठी जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेने इंडिक्स हा प्रकल्प हाती घेतला होता. एकेक थर स्वतः बांधताना त्या कामाचा आवाका नीट लक्षात येतो आणि त्याविषयीचा आदर वाढतो.

या पुढच्या टप्प्यासाठी पहिल्या रीबूटआधीच, क्रूटमध्ये असताना, डाउनलोड करणारे डब्ल्यूगेट आणि दूरच्या यंत्राशी जोडणारे ओपनएसएसएच त्यांच्या डिपेंडन्सींसह, म्हणजे त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजसह, बांधून घ्यावेत. मूळ प्रणालीत यांपैकी एकही नसते. नाहीतर डाउनलोडसाठी प्रत्येक वेळी जुन्या लिनक्समध्ये परतावे लागते.