सिंगापूर : मर्लायनच्या गर्दीतून सटकून पाहिलेली पाटी

युनिव्हर्सल, सेंटोसा, नाइट सफारी सगळं झालं, मजा आली, पायांचे तुकडे पडले. त्यावर ढीगभर लोकांनी लिहिलंय, ते सोडा.

मर्लायनपाशी, म्हणजे त्या सिंहाचं तोंड नि माशाचं धड असलेल्या पुतळ्यापाशी, फोटोसाठी आम्हाला पाऊण तास दिला होता. मी टूर मॅनेजरला विचारलं, आझाद हिंद सेनेचं स्मारक इथून जवळच आहे ना? तर म्हणे, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसती पाटी आहे." अहो पण पाटीच का उरली ते तरी सांगा ना लोकांना! जुलै 1945 मध्ये नेताजींनी पायाभरणी केली, स्मारक उभं राहिलं आणि ब्रिटिश परत आले तसं माउंटबॅटनच्या हुकमावरून पाडलं. ही पाटी लागली थेट 1995 मध्ये.

मग मी आणि आई सटकलो. एस्प्लनेड पार्कात ऊन मरणाचं, पाटीजवळ चिटपाखरू नाही. इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी (एकी, विश्वास, बलिदान) हे सेनेचं ब्रीद वाचलं आणि मागे वळून पडांगचं मैदान बघत बसलो. 9 जुलै 1943 ला याच मैदानावर नेताजींनी बायकांची पलटण हवी म्हणून सांगितलं, आणि तीनच दिवसांत डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांनी वीसेक जणी गोळा करून, साड्या नेसून, थ्री-नॉट-थ्री रायफली उचलून सलामी दिली. जड असतात हो त्या, चार किलोच्या आसपास! आई म्हणाली, "पदर कसा सांभाळला असेल गं?" नंतर वर्दी आली, ड्रिल, संगीन, हातगोळे सगळं शिकल्या.

याच डॉ. लक्ष्मी पुढे कॅप्टन लक्ष्मी म्हणून आपल्याला माहीत असतात, ठीक आहे. पण रेजिमेंटमधल्या बहुतेक पोरी मलायातल्या, म्हणजे आताच्या मलेशियातल्या, रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या, कित्येकींनी भारत डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. नाव मात्र आपल्या मनूचं, झाशीची राणी रेजिमेंट, आणि आपण नुसत्या घोषणांपुरते पुढे. आघाडीवर लढायची संधी त्यांना मिळाली नाही, बर्मात मेम्योला जखमींची सेवा केली आणि एप्रिल 1945 मध्ये रंगून सोडावं लागलं तेव्हा विमानांच्या भीतीने रात्री-रात्री चालत निघाल्या, नेताजीही त्यांच्याबरोबर, बँकॉक गाठायला तीनेक आठवडे लागले. हे सगळं आठवून मला तर सेंटोसाच्या रांगेत उभं राहूनही रडू येत होतं.

धापा टाकत बसपाशी पोचलो तर सगळे बसमध्ये बसून आमची वाट बघत होते, दोन काकूंनी तोंड फिरवलं. पुढचा स्टॉप चॉकलेटचं दुकान, तिथे तासभर, त्याला मात्र कुणाची हरकत नाही! तुम्ही ग्रुपने जाणार असाल तर विचारत बसू नका, वॉशरूमला जातो म्हणून सांगा आणि निघा, मी तेच केलं. आणि छत्री न्या, आईने अजून बोलणी थांबवलेली नाहीत.