आमची वाटचाल : जुन्या स्नोमोबाईलच्या ड्राइव्ह क्लचपर्यंत

सुरुवात टू-स्ट्रोक इंजिनांपासून झाली. पिस्टन, रिंगा, क्रँकची सीलं, कार्ब्युरेटर, समोर येईल ते काम घ्यायचो. पुढे जुन्या स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, जास्त यायला लागल्या आणि तक्रारी सगळ्या एकाच घरातल्या, इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, नाहीतर निघताना जोरात झटका मारते, नाहीतर आयडलला, म्हणजे रेस न देता, उभी असताना आपोआप पुढे सरकते. कंप्रेशन बघावं तर उत्तम, कार्ब स्वच्छ, प्लगचा रंग बरोबर, आणि मग बेल्टवरचं झाकण (गार्ड) काढून बेल्ट उतरवला की हाताला लगेच कळायचं, क्लचची सरकती बाजू शाफ्टवर डुगडुगतेय. इंजिनात काही बिघडलेलंच नसायचं. असं वारंवार व्हायला लागल्यावर भाऊ म्हणाला, दादा आपण इंजिनं सोडून क्लचच करू, कारण हे काम नीट कुणी करत नाहीये. तेव्हापासून आमची ओळख तीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तसाच हा प्रकार, क्रँकशाफ्टवर एक पुली, मागे दुसरी, मध्ये बेल्ट. पुढची पुली म्हणजेच ड्राइव्ह क्लच, तिची एक बाजू पक्की आणि दुसरी सरकणारी, स्प्रिंग त्यांना लांब ठेवते, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, सरकती बाजू आत ढकलली जाते आणि बेल्ट चिमटीत धरून वर चढायला लागतो. जुन्या गाड्यांत बेल्ट पकडायला साधारण ३००० ते ४००० आरपीएम लागतात. स्कूटरवर ही युक्ती साल्सबरी या अमेरिकन कंपनीने १९३०च्या दशकातच आणली होती, मोटारीत डाफ या डच कंपनीने १९५८ साली, आणि १९५९ला क्युबेकमधल्या वालकूर गावातून बॉम्बार्डिएंची स्की-डू बाहेर पडल्यावर स्नोमोबाईलचा धंदा खऱ्या अर्थाने पसरला. त्या काळातल्या कितीतरी गाड्या अजून चालू आहेत याचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण त्यांचे क्लच खोलून परत उभे करता येतील असेच बनवलेत.

आता कामाबद्दल. क्लच उतरवताना आम्ही त्या मॉडेलचाच पुलर (क्लच ओढून काढायचं हत्यार) वापरतो, पुलींच्या मध्ये पहार घालून उचकायचं नाही आणि हातोडा मारायचा नाही, त्याने पुलीची कड तुटते नाहीतर क्रँकचं टोक वाकतं आणि मग साध्या कामाचं मोठं काम होतं. जाम बसलेला असेल तर पुलरवर ताण देऊन ठेवायचा, थोडी उष्णता द्यायची, थांबायचं. खोलायच्या आधी कव्हर, स्पायडर (शाफ्टवर पक्का बसणारा, हात असलेला आतला भाग) आणि सरकती बाजू यांवर एका ओळीत खुणा करायच्या, हे सगळे भाग एकत्र बॅलन्स केलेले असतात, खुणा नसतील तर बॅलन्स गेला. कव्हरचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत, सगळे थोडे थोडे सारखे सैल करायचे आणि कव्हर दाबून धरायचं, स्प्रिंगचा जोर चांगलाच असतो.

झीज कुठे होते तर बुश (सरकती बाजू शाफ्टवर ज्याच्या आधाराने सरकते ती आतली बाही), रोलर, त्यांच्या पिना, रॅम्प (रोलर ज्यावर फिरतो तो उतार) आणि बाजूची बटणं (घासून झिजणारे छोटे तुकडे). बुश खाल्ला गेला की सरकती बाजू तिरकी होते, बेल्ट एकाच अंगाने चिमटला जातो आणि आयडलला सुटत नाही, गाडी सरकते ती त्यामुळे. रोलर एका जागी चपटा झाला की सरकती बाजू अडते आणि मग एकदम उडी घेते, तो झटका तिथला. जुना बुश प्रेसवर काढतो, अॅल्युमिनियम हलकं गरम करून नवा बसवतो, गरज असेल तर रीम करून (भोक आतून कापून) माप जमवतो. वजनं आणि रोलर पूर्ण सेटच बदलतो, एक नवं दोन जुनी असं आम्ही कुणालाच करून देत नाही, ग्राहक कितीही म्हणाला तरी नाही.

पण आमच्याकडे खरा वेळ जातो तो यानंतर. बुश बदलून क्लच हातात देणं सोपं आहे, तो बुश खाल्ला कशाने हे शोधल्याशिवाय आम्ही काम संपलं म्हणत नाही. बऱ्याच वेळा इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचं रबर मऊ पडलेलं असतं, लोड आला की बेल्ट इंजिनाला मागे ओढतो, दोन्ही पुल्यांची रांग बिघडते आणि सगळा आडवा जोर बुशवर. म्हणून रांग आणि दोन शाफ्टमधलं अंतर आधी मोजायला सांगतो. कधी शाफ्टवरच गंजाचे खड्डे असतात, त्यावर नवा बुश घातला तर कानशीवर घातल्यासारखंच. कधी मालकाने प्रेमाने तेल घातलेलं असतं, त्याला बेल्टची पूड चिकटून आत घासणारी पेस्ट तयार होते, तेव्हा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच आणि तेवढंच वंगण, पुलीच्या तोंडाला तर कधीच नाही.

टेपर, म्हणजे क्लच क्रँकवर जिथे बसतो तो निमुळता भाग, हा वेगळा विषय आहे आणि याबाबत मी फार आग्रही आहे. क्रँकचा टेपर आणि क्लचच्या आतला टेपर दोन्ही सॉल्व्हंटने पुसून कोरडे, ग्रीस नाही, अँटी-सीझ (जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) नाही, पकड त्या दोन पृष्ठभागांचीच असते. बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला, आणि थोडं चालवल्यावर परत तपासायचा. गार्ड लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, बेल्ट किंवा क्लचचा तुकडा उडाला तर समोरच्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही, हे आम्ही प्रत्येक पार्सलमध्ये लिहूनच पाठवतो.

काही मॉडेलचे बुश आता मिळतच नाहीत, ते आम्ही लेथवर स्वतः करतो, कांस्याचे किंवा अस्तरवाले, मूळ क्लच कसा होता त्याप्रमाणे. सध्या भाऊ मागच्या पुलीच्या कॅमवर (तिरक्या उतारावर) घासणाऱ्या बटणांच्या मागे लागलाय, तीही बाजारातून गायब व्हायला लागलीत, नमुने तयार आहेत आणि आधी आमच्याच गाड्यांवर बर्फात चालवून मग विकायला ठेवू.