आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही

"ताई, आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही. मग हल्लीच्याच पोरांना कुठून आलं?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा आजी असते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, कपडे, खेळ अशा रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून मदत करणारी. आमच्या क्षेत्रात याला 'ओटी' म्हणतात, त्यामुळे अर्ध्या नातेवाइकांना मी ऑपरेशन थिएटरात असते असं वाटतं. प्रत्यक्षात मी डोंबिवलीत लहान मुलांबरोबर काम करते. कुणी मिक्सर लागला की कान दाबून पलंगाखाली जातं, कुणी कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगाला लावू देत नाही, कुणी केस कापताना सलून डोक्यावर घेतं. याच्या उलट, दिवसभर सोफ्यावरून उड्या मारूनही न दमणारीही येतात. आईबाबांनी मोबाइलवर वाचलेलं असतं, ते म्हणतात, "मॅडम, सेन्सरी आहे," म्हणजे आवाज, स्पर्श, हालचाल अशा संवेदनांना मूल फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देतं. शेजारी बसलेली आजी पुटपुटते, "लाड आहेत."

मागच्या महिन्यात एका आजींनी न पुटपुटता सरळ विचारलं. नातू चार वर्षांचा, मिक्सरवाल्या गटातला. मला त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी सोपा भाग. अशी मुलं तुमच्या वेळीही होती. फक्त त्यांना किरकिरं, आडमुठं, भित्रं, वांड असं म्हणत. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ओटीने १९७२ साली या वागण्यामागची मेंदूची बाजू सविस्तर मांडली. पुढे आमच्याच क्षेत्रातल्या विनी डन यांनी ती समजावताना वापरलेला शब्द आपल्याला घरचा वाटेल: उंबरठा. संवेदना किती जोराची झाली की मेंदू तिची दखल घेतो, ती पातळी. कुणाचा उंबरठा इतका बुटका की पावसाचं पाणी सरळ माजघरात. कुणाचा इतका उंच की दारात हाका मारून घसा बसला तरी आतल्याला पत्ता नाही. मग काही मुलं आत येणारं अडवत बसतात आणि काही स्वतःच बाहेर धावतात. मूल कशाला कसा प्रतिसाद देतं हे आईबाबांना विचारणारी डन यांची प्रश्नावली १९९९ साली आली आणि जगभर पसरली. तिच्यातले 'सर्वसाधारण' आकडे अमेरिकेतल्या मुलांवरून ठरवले होते.

इथून गुंता सुरू होतो. मी नवी असताना तशी प्रश्नावली एका आईला वाचून दाखवत होते. व्हॅक्यूम क्लीनर आणि हेअर ड्रायरच्या आवाजाचा प्रश्न आला. ती विचारात पडली आणि म्हणाली, "आमच्याकडे दोन्ही नाही. कुकरची शिट्टी चालेल का?" मी हसले, पण रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं. शिट्टी चालेल की नाही? कुकर रोज त्याच वेळी लागतो, आधी फुसफुसतो, आणि शिट्टीमागून जेवण येतं. व्हॅक्यूम क्लीनरमागून काहीच येत नाही.

आणखी एक मुलगी आठवते. पाच वर्षांची, हात बरबटलेले अजिबात चालायचे नाहीत. घरच्यांना ती 'टापटीप' वाटायची, कौतुक व्हायचं. घोटाळा पानावर उघड झाला, कारण आपल्याकडे वरणभात कालवावा लागतो. ती बोटं वर धरून बसायची आणि आई भरवायची. चमच्याने जेवणाऱ्या घरात हे कदाचित शाळेतल्या रंगाच्या तासापर्यंत कळलंच नसतं. तीच मुलगी, तीच बोटं, पण एका घरात रोज दोनदा परीक्षा आणि दुसऱ्या घरात सुट्टी. घरची रीत मुलाची अडचण कधी झाकते, कधी उघडी पाडते, म्हणून प्रश्नावली भरण्याआधी मी आता विचारते की घरात जेवता कसे, झोपता किती जण, आंघोळ कोण घालतं.

आंघोळीवरून आठवलं. पायावर घेऊन, तेल रगडून, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, मग ओव्याची धुरी, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून पाळण्यात किंवा जुन्या साडीच्या झोळीत. दाब, ऊब, वास, झोका, सगळं तासाभरात. यातलंच थोडंफार देण्यासाठी माझ्या सेंटरमध्ये घेतलेला झोपाळा कितीला पडला ते सांगितलं तर आज्या मला वेड्यात काढतील. पण "मालिशवाली ठेवली नाही म्हणून हे झालं" असं सुनेला ऐकवणाऱ्यांना मी तिथेच थांबवते. तसा कार्यकारणभाव कुणी दाखवलेला नाही.

घर मुलाच्या आत किती लवकर शिरतं हे मात्र दाखवलेलं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियात ज्युली मेनेला या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी काही गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचं खाणं तोंडात घेताना कमी तोंडं वाकडी केली. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. लसणीची फोडणी, मेथी आणि अळीव खाणाऱ्या आपल्या गरोदर बायका आणि बाळंतिणी बाळाला काय काय चाखवत असतील याचा हिशेब कुणी मांडावा!

कानांचं तर त्याहून नवल. माझ्या भाच्याची मुलगी न्यू जर्सीत वाढते. ती मला 'टाटा आजी' म्हणते, खरं तर 'ताता आजी' म्हणायचं असतं. तिला फरक ऐकूच येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं तपासली. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांना येईनासे झाले. कान तसेच होते, पण त्या घरात हा फरक कामाचा नव्हता. उंबरठ्याचं सुतारकाम बाळ रांगतं आहे तोवरच सुरू झालेलं असतं.

मग म्हणाल, सवयच लावू या. आवाजाची सवय, गर्दीची सवय. "आमचा तर रुळांलगत राहून गाढ झोपतो, फास्ट गेली तरी हलत नाही," असं एक बाबा अभिमानाने सांगत होते. झोपतो हे खरं. पण आवाजात झोपणं वेगळं आणि आवाजात शिकणं वेगळं. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एक शाळा उन्नत रेल्वेला खेटून होती. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या संशोधिकेने १९७५ साली दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती, सहावीपर्यंत जवळपास एक वर्षाने. रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली, आणि तो फरक नाहीसा झाला. आवाज गाळायला शिकलेलं मूल त्याबरोबर बाईंचं बोलणंही गाळून टाकतं, असा एक तर्क आहे. आपल्याकडे नियमाने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. गणपतीत आमच्या चौकात उभं राहून हा आकडा मोठ्याने वाचला तर मलाच ऐकू येणार नाही.

आता आजींच्या प्रश्नाचा अवघड भाग. माझं आजोळ राजापूर तालुक्यात. एक मामेभाऊ असाच होता. गणपतीला घर पाहुण्यांनी भरलं, झांजा सुरू झाल्या की तो गोठ्यात जाऊन म्हशीजवळ बसायचा. जेवायच्या वेळी कुणीतरी त्याचं पान तिकडे न्यायचं. त्याला कुणी काही म्हणत नसे, कारण गोठ्यात एक माणूस असला तर बरंच होतं. गाव शांत असतं असं मी म्हणणार नाही. हल्ली तिथेही डीजे येतो, आणि गावातलं पोर पहिल्यांदा डोंबिवली स्टेशनवर उतरलं की तेही कान दाबतं. पण त्या घराला पडवी होती, परसदार होतं, गोठा होता. मूल आवाजापासून दहा पावलं लांब जाऊ शकत होतं.

आजींच्या नातवाचं घर मी पाहिलं. वन बीएचके, माणसं सहा. स्वयंपाकघराला दार नाही. खाली फरशी, वर पीओपी, समोर काचेची सरकती खिडकी, आवाज आपटून आपटून परत येतो. टीव्ही आणि मिक्सर यांच्यामध्ये आठ फूट, आणि त्या आठ फुटांत त्याची खेळायची जागा. पलंगाखाली जाणं हाच त्याचा गोठा होता.

मी आजींना विचारलं, "तुमच्या लहानपणी चटणी कशी व्हायची?"

"पाट्यावर. दुसरं काय होतं?"

पाट्यावरचं वाटण आधी दिसतं. पाटा पुसला जातो, खोबरं येतं, वरवंटा टेकतो, आणि आवाज हळूहळू चढतो. मिक्सर एकदम सुरू होतो, पाठीमागून.

एक सांगून ठेवते. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, आंघोळ किंवा शाळा अशक्य झाली असेल, तर घराकडे बोट दाखवत बसू नका, कुणाला तरी दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदानात संवेदनांच्या तीव्र किंवा मंद प्रतिसादाचा विचार २०१३पासून होतो, पण कान दाबणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. हा मुलगा नव्हता.

त्याच्यासाठी आम्ही फार काही केलं नाही. पलंगाखाली एक गोधडी अंथरली, आणि तिथून त्याला ओढून काढायचं नाही असं घरात ठरलं. मिक्सर लावण्याआधी सांगायचं, हे काम आजींनी स्वतःहून घेतलं. पुढच्या भेटीत मी ओट्याजवळ उभी होते. आजींनी भांड्यात खोबरं, मिरची, कोथिंबीर घातली, त्याला स्टुलावर उभं केलं आणि मोठ्याने सुरू केलं, "एक... दोन... साडेमाडे..."

"तीन!" तो ओरडला आणि एक हात कानावर ठेवून दुसऱ्याने खटका फिरवला.

चटणी झाली. खाल्ली मात्र नाही त्याने.