राजमुंद्रीचे पूल, सांगलीकराच्या नजरेतून

आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिला प्रश्न, आयर्विनला, म्हणजे सांगलीतल्या कृष्णेवरच्या जुन्या पुलाला, पाणी किती फूट झालं? 45 ला धोका पातळी, 2019 ला तर 57 च्या वर गेलेलं. त्यामुळं कुठल्याही गावाला गेलो की मी आधी नदीवरचा पूल बघतो, आणि आंध्रातल्या राजमुंद्रीला तर खास पुलांसाठीच गेलो.

पुण्यात कोणार्क एक्सप्रेस धरली. राजमुंद्रीच्या अलीकडचं कोव्वूर स्टेशन मागं पडलं की गोदावरी लागते आणि मग संपायचं नावच घेत नाही, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर पूलच पूल. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी ती हीच, विश्वास बसत नाही!

इथं रेल्वेचे तीन पूल आहेत. सगळ्यात जुना हॅवलॉक, 1900 सालचा, दगडी खांब आणि त्यावर लोखंडी गर्डर म्हणजे तुळया, 56 गाळे (दोन खांबांमधला एकेक टप्पा म्हणजे गाळा). नाव मद्रासच्या तेव्हाच्या गव्हर्नरचं, आपल्याकडं आयर्विनला व्हाइसरॉयचं दिलं तसंच. 1974 चा दुसरा, खाली रूळ वर रस्ता. आणि 1997 ला हॅवलॉकची जागा घेतली ती कमानींच्या पुलानं.

घाटावर उभं राहून जुना आणि नवा दोन्ही नीट बघून घ्या. नव्याला गाळे 28 च, बरोबर निम्मे, एकेक गाळा 97 मीटरच्या आसपास. आयर्विनच्या दगडी कमानी रस्त्याच्या खाली, त्या खांबांना बाजूनं पण रेटतात. इथं काँक्रीटच्या कमानी रुळांच्या वर, खालचा गर्डर त्यांना टांगलेला, आणि तोच गर्डर धनुष्याच्या दोरीसारखा कमानीची दोन्ही टोकं आवळून धरतो म्हणून खांबावर आडवा रेटा जात नाही, नुसता उभा भार. काय डोकं लावलंय! लांबलचक मालगाडी त्या कमानींमधून जाताना मी कितीतरी वेळ बघत बसलो.

पण मला जास्त आनंद झाला तो हॅवलॉक पाडला नाही याचा. गाड्या बंद झाल्या तरी लोकांनी तो राहू द्या म्हणून आग्रह धरला, आता पर्यटनासाठी नीट करायचं चाललंय. 1929 च्या आपल्या आयर्विनशेजारी पण नवा पूल आलाय, तेव्हा जुन्याची डागडुजी वेळेवर होत राहावी, तो असाच उभा राहावा असं फार वाटतं.

हाताशी वेळ असेल तर धवळेश्वरमचं कॉटन बॅरेज, म्हणजे गोदावरीवरचा बंधारा, पण करा, जवळच आहे. पण पूल आधी.