शेवटचा आकडा

फोंडा, रात्री साडेअकरा

दोनदा लाईट गेली. पत्र्यावर पाऊस कोसळतोय. ताईचं आकड्यांचं कुलूप समोरच आहे. त्याची नक्कल करणारा माझा प्रोग्राम दोन आकडे घेतो, तिसरा घेत नाही.

तबकडीवर 0 ते 39. उजवीकडे तीन फेरे देऊन पहिला आकडा, डावीकडे त्याला एकदा ओलांडून दुसरा, पुन्हा उजवीकडे थेट तिसरा. दिशा बदलली की आकडा नोंदवायचा, असं ठरवलं होतं. पण तिसऱ्यानंतर दिशा बदलतच नाही, कडी ओढतात. म्हणजे आकडा कळतो तो तिथून निघाल्यावर. एवढ्याशा गोष्टीनं इतकं उदास का व्हावं? बाकीचे दोष साधे होते. नोंद वळण्याआधीच्या खुणेची हवी, नंतरची घेतली की आकडा एकाने चुकतो. 0 वरून मागे जाताना सी या प्रोग्रामच्या भाषेत 40 ने भागलं की बाकी 39 नाही, -1 येते, म्हणून एक वजा करण्याऐवजी 39 मिळवून 40 ने भागायचं आणि बाकी घ्यायची. हात थरथरला तरी वळण मोजलं जातं, तेव्हा दोन खुणा उलट गेल्याशिवाय वळण धरायचं नाही.

पण शेवटचा आकडा. पुन्हा तोच.

कुलपाला दिशा कळते कुठे? आत तीन चाकं, एक तबकडीला जोडलेलं. वळल्यावर जवळजवळ फेरा पूर्ण झाला की ते पुढच्याला ढकलतं, तोवर पुढचं जागेवरच. तेच लिहिलं. उजवी दिशा अधिक, बाकी न काढता नुसती खुणांची मोजणी. दुसऱ्या आकड्याचं चाक तबकडीच्या मागे 0 ते 39 खुणांच्या आतच राहील, पहिल्या आकड्याचं दुसऱ्याच्या मागे तसंच. सगळी एकत्र असतील तर पहिलं हलायला 78 खुणा लागतात, तीन फेरे त्यासाठीच. दुसरा आकडा आणखी एक फेरा ओलांडला की पहिला बिघडतो, तिसऱ्याला चुकून जादा फेरा घेतला की दुसरा. वेगळा नियम लिहावा लागला नाही.

आणि तिसरा आकडा कुणी नोंदवतच नाही. कडी ओढताना तिन्ही खाचा एका रेषेत आहेत का, एवढंच पाहायचं. बरं वाटलं.

उघडण्याच्या जागा हाताने मोजायच्या नाहीत, ढकलण्यामुळे चाकं आकड्यांपासून सरकलेली असतात. बरोबर आकडे एकदा फिरवून चाकं थांबतील त्या जागांची 40 ने काढलेली बाकी साठवायची. ताईला तिचे आकडे सकाळी विचारायचे.