आमची वाटचाल: रंग शेवटी, आधी घासाई

वडील कोबा घालायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोली एमआयडीसीत त्यांच्या हातच्या बऱ्याच शेडच्या जमिनी आहेत. त्यातल्या काही आता खरवडून द्या म्हणून आमच्याकडे येतात. बापानं घालायचं आणि पोरानं उकरायचं, असा आमचा घरचा धंदा.

मी सुरुवातीला रंगाच्या दुकानात कामाला होतो. गॅरेजवाले राखाडी ऑइल पेंटचा डबा न्यायचे, जमिनीवर दोन हात मारायचे, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याचे पोपडे निघालेले असायचे. पुन्हा डबा. दुकानाची विक्री होत होती, तक्रार कोण करणार? पण खोट रंगात नव्हती, रंगाखालच्या जमिनीत होती. शिरोलीत बाहेरची माणसं येऊन इपॉक्सीची, म्हणजे जमिनीवर ओतून कडक होणाऱ्या थराची, मोठी कामं करायची. ती उभं राहून बघितली, आणि मावसभावाला सोबत घेऊन गॅरेज-शेडच्या जमिनी घासून त्यावर कोटिंग करायचा धंदा सुरू केला.

ओल्या कोब्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायचं, पाणी वर आलं की पुन्हा भुरभुरायचं आणि थापीनं घोटत राहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. वर जी साय धरते ती नवी असताना चकचकते, पण तिच्यात ताकद नसते. जॅकची लोखंडी चाकं, सरकवलेले स्टँड, हातातून सुटलेला पाना यांनी ती फुटते, आणि मग रोज झाडलं तरी धूळ येतच राहते. वडिलांना हे सांगितलं तर म्हणतात, "तवा लोकास्नी तोंड दिसंल अशी जमीन पायजे हुती, दिली." तेही खरंच.

त्यामुळे आमच्या कामाचा मोठा भाग रंगाचा नाहीच. डायमंडचे दात बसवलेलं ग्राइंडर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम घेऊन, साय निघून खडी दिसायला लागेपर्यंत घासायचं. हातोडीनं ठोकत जायचं आणि पोकळ वाजेल तिथं फोडायचं. भेगा व्ही आकारात कापून इपॉक्सी आणि सिलिका वाळूच्या मॉर्टरनं भरायच्या. काँक्रीटचे मूळ जोड मात्र बुजवायचे नाहीत. वरच्या थरातही तिथंच काप घेऊन पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं, नाहीतर तडा उठलाच म्हणून समजा.

गॅरेजमध्ये खरी डोकेदुखी तेलाची. इंजिनाखाली येणाऱ्या जागेवर वर्षानुवर्षं ठिबकून काळा डाग पडलेला असतो. मालक सांगतो, "साबणानं धुऊन घेतलंय दादा." आम्ही तिथं पाण्याचे थेंब टाकतो. पाणी पसरून मुरलं तर ठीक, थेंब गोल उभा राहिला तर आत तेल आहे. मग डिग्रीजर (तेल सोडवणारं रसायन), गरम पाणी, कडक ब्रश, आणि सुटलेला मळ परत मुरायच्या आत व्हॅक्यूमनं ओढून घेणं. संध्याकाळी जागा पांढरी दिसते, सकाळी येऊन बघावं तर डाग खालून पुन्हा वर. हटतच नसेल तर तेवढा चौकोन फोडून नव्यानं भरतो. रंगवायला बोलावलेल्या माणसांनी खड्डा पाडलेला बघून मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे पाणीच पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद. गाळ काढून झाला आणि आमचे फोन वाजायला लागले. सगळ्यांना दिवाळीच्या आत जमीन नवी पाहिजे. आम्ही १८ इंची चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून चिकटवायचो आणि किमान १६ तास तसंच ठेवायचो. वरून खडखडीत दिसणारी जमीन, पण प्लास्टिक उचललं की आतल्या बाजूला थेंब आणि खालचं काँक्रीट काळपट. अशा जमिनीवर इपॉक्सी ओतलं की खालून येणारी वाफ कोंडते आणि थराला फोड येतात. नाही म्हणणं जड गेलं, पैशांची गरज आम्हालाही होती. काहींनी दुसरीकडून करून घेतलं.

त्याच वेळी डेन्सिफायरकडे वळलो. हे काँक्रीट कडक करणारं सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं पातळ द्रावण. घासलेल्या काँक्रीटमध्ये मुरतं आणि तिथल्या मोकळ्या चुन्याशी मिळून कडक होतं. धूळ बांधली जाते, ओलीला वर यायला वाटही राहते. रंग मिळत नाही आणि सांडलेलं तेल वेळेत पुसलं नाही तर डाग राहतो, हे आधीच सांगतो. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा अशा गॅरेजवाल्यांनी गाळ धुतला आणि शटर उघडलं. आज निम्मं काम याचंच आहे.

खंडेनवमी हा आमचा दुसरा पूर. हत्यारांची पूजा नव्या जमिनीवरच व्हावी असा प्रत्येकाचा हट्ट. पण जमिनीचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतली वाफ दव होऊन बसते त्या तापमानाच्या, किमान ३ अंश वर लागतं, नाहीतर इपॉक्सीवर पांढुरका चिकट थर येतो. "पंचांग तुमचं, मुहूर्त ह्या मीटरचा," असं मावसभाऊ सांगतो आणि मीटर दाखवतो. पूजेची हळदही थेट कोटिंगवर नको. फिक्या राखाडीवर पिवळा डाग बसतो तो जाता जात नाही. नारळ दारात फोडा.

कोटिंगचा दिवस मात्र पळापळीचा. इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, मिसळून बादलीतच ठेवलं तर तापतं, धूरही येतो. म्हणून लगेच ओतायचं, खाचेच्या पट्टीनं पसरायचं, काटेरी बूट घालून काटेरी रोलर फिरवायचा. शटरजवळ ऊन येतं तिथं वरून पीयूचा हात, नाहीतर इपॉक्सी पिवळं पडतं.

"रंगच मारायचाय की, एवढे पैसे कशाला?" हे कोटेशन बघून ऐकावंच लागतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर थराला १ लिटर माल लागतो. १०० चौरस फूट म्हणजे ९.३ चौरस मीटर, म्हणजे २ मिलिमीटरला साडेअठरा लिटर. कुणी ४ लिटरमध्ये करून देतो म्हणाला तर तो अर्धा मिलिमीटरही देत नाही, एवढा हिशेब गिऱ्हाइकासमोर मांडतो. घासाई, दुरुस्ती आणि कोटिंग आम्ही वेगवेगळ्या ओळींत लिहितो. बजेट कमी असेल तर थर पातळ करून ३०० मायक्रॉनचं (०.३ मिलिमीटर) साधं कोटिंग देतो, घासाईची ओळ कापत नाही.

पाहणीचे पैसे घेत नाही. फक्त गाडी सगळ्यात जास्त जिथं उभी असते ती जागा मोकळी करून ठेवा, आणि आम्ही येणार म्हणून धुऊन घेऊ नका. आहे तशीच बघायची असते.