पिवळा दिवा निर्दोष निघाला (गच्चीवरची नोंद, आठवडा तिसरा)

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आमच्या गच्चीवरचं आकाश उजळवून तारे पुसतात ते रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे. शब्द मागे घेतो.

आधी खोक्याबद्दल. बुटाच्या खोक्यातल्या वर्णपटदर्शकात (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या घरगुती यंत्रात) सीडी काढून डीव्हीडी लावली. सीडीच्या दोन चऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीचं ०.७४, त्यामुळे रंग जास्त फाकतात. प्रकाश आत येतो त्या फटीला पुठ्ठ्याऐवजी ब्लेडचे दोन तुकडे. (बोट कापलं. ब्लेडला आधी चिकटपट्टी लावा.)

कोपऱ्यावरचा पिवळा दिवा पाहिला. पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जागी, काळी चीर! दिव्यातली आतली तापलेली सोडियमची वाफ जो रंग देते, तोच कडेची थंड वाफ गिळते. म्हणजे हाय प्रेशर सोडियम, जास्त दाबाच्या वाफेचा दिवा. देवळामागच्या निळसर दिव्यात सुट्या रेषा दिसल्या, ४३६ ला निळी आणि ५४६ ला हिरवी. म्हणजे जुना पाऱ्याच्या वाफेचा दिवा. एलईडीत रेषा नाहीतच. ४५० च्या आसपास निळा उंचवटा, मग खळगा, मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग पट्टा.

खरी मजा गुरुवारी झाली. मोबाइल तिकाटण्यावर लावून कृत्तिका तारकापुंजाचे दहा-दहा सेकंदांचे फोटो चालू होते, तेवढ्यात लाइट गेली आणि लगेच आली. एलईडी तत्क्षणी पेटले. सोडियम मिनिटभर ढिम्म, पाऱ्याला पाचेक मिनिटं लागली. गरम दिव्यात वाफेचा दाब इतका असतो की थोडा निवल्याशिवाय तो पुन्हा पेटत नाही. म्हणजे मिनिटभर परिसरात फक्त एलईडी चालू होते. त्या मिनिटातले फोटो आधीच्या फोटोंशेजारी ठेवले, तर आकाशाचा राखाडीपणा जवळपास तोच!

आता आरोपी कळला: शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमधले चार पांढरे एलईडी फ्लडलाइट, माना वर केलेले. त्यात निळा प्रकाश हवेत पसरतोही जास्त. ४५० चा ५८९ च्या जवळपास तिप्पट.

सेक्रेटरी काकांना वर्णपट दाखवला, त्यांनी जांभई दिली. “दिवे बंद केले तर चोऱ्या होतील.” म्हटलं, “काका, बंद नको, नुसती मान खाली करा.” मग त्यांना गेटबाहेर उभं केलं. डोळ्यांवर झोत असल्यामुळे आत खुर्चीवर बसलेला त्यांचाच वॉचमन त्यांना दिसेना. हे मात्र पटलं.

एक दिवा खाली झाला. उरलेल्या तिघांसाठी वायरमन रविवारी येतोय, शिडी आमची. काल कृत्तिकेत चाराऐवजी पाच तारे मोजले, पण काल वारा होता आणि धूळ कमी, म्हणून ते वहीत पेन्सिलीनेच लिहिलंय.